आतलं माणूस

सोमवार, ३ फेब्रुवारी

आजपासून रोज नाही, पण काही घडलं की लिहायचं. माझ्यावर कुणाची तरी नजर आहे. उद्या काही बरं-वाईट झालं तर तारीखवार नोंद हाताशी असलेली बरी. वही मागच्या खोलीत, ग्रिपच्या खोक्यांमागे राहील. दोन ते चार दुकान बंद असतं. दादा घरी जाऊन जेवतो आणि आडवा होतो, तेवढे दोन तास माझे.

दुकान दादाचं, खेळाच्या सामानाचं. तो पुढे गल्ल्यावर, मी मागे यंत्रावर. बत्तीस वर्षं बॅडमिंटनच्या रॅकेटींना गटिंग करतेय, म्हणजे जाळी विणतेय, आणि गेली चार वर्षं चोरून गोष्टी लिहितेय. एक साइट आहे, तिथे चाहते आपापल्या लाडक्या खेळाडूंवर मनाने रचून गोष्टी लिहितात. तिथे माझं नाव 'गाठ'. माझ्या नायिकेचं नाव 'डावखुरी'. खरं नाव कुणीच लिहीत नाही, पण देशात पहिल्या तिघींत असलेली डावखुरी मुलगी एकच आहे. तेव्हा झाकली मूठ कसली, सगळ्यांना सगळं ठाऊक.

तिथली मंडळी लिहितात काय एकेक! एकीने रॅकेट पन्नास पौंडांवर ताणली. अगं बाई, पन्नासवर चौकट मोडून हातात येईल. दुसऱ्याने डावखुरीला उजव्या हाताने सर्व्हिस करायला लावली. काल चर्चेच्या पानावर प्रश्न निघाला, खऱ्या खेळाडूवर खोटी गोष्ट लिहिताना शोध किती घ्यावा? एका शहाण्याने उत्तर दिलं, 'सामने पाहा, मुलाखती वाचा, आणि त्यांच्या दाराशी आलात की थांबा, आत शिरू नका.' मी लिहिलं, 'जेवढा मिळेल तेवढा.' एक्केचाळीस जणांना ते आवडलं.

त्याखाली 'पाहुणी' नावाच्या कुणीतरी विचारलं, 'तुम्हाला कुठून मिळतो?' ही बया महिनाभर माझ्या प्रत्येक प्रकरणाखाली घुटमळतेय. कौतुकाचा एक शब्द नाही, नुसते प्रश्न. कुणीतरी लेखिकाच असणार, माझा माल उचलायला टपलेली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

मंगळवार म्हणजे तिच्या रॅकेटींचा दिवस. हो, खऱ्या डावखुरीच्या. हे साइटवर कुणाला माहीत नाही आणि मी डावखुरीवर लिहिते हे दुकानात कुणाला माहीत नाही. दोन्हीकडे तोंडाला कुलूप.

रॅकेटी तिची मावशी घेऊन येते. सख्खी नव्हे, पण मुलगी अकरा वर्षांची असल्यापासून हिनेच सांभाळलंय, मुलाखतीत वाचलं होतं. त्याच घरात राहते, पिशवी उचलते, अंग चोळून देते. साठीची असेल. बोलणं मोजून मापून. आज मी सहज म्हटलं, "खांदा काय म्हणतो, मावशी?"

"कुणाचा?" म्हणाली, आणि चिठ्ठी पुढे केली.

एवढं न बोलणारं माणूस काहीतरी लपवत असतंच. पण मला तिच्या तोंडाची गरज नाही. चिठ्ठीवर ताण चोवीस पौंड. चोवीस म्हणजे फारच सैल! डिसेंबरपर्यंत सत्तावीस असायचा. सैल जाळीवर कमी जोरात शटलचं फूल लांब जातं, म्हणजे हाताला जोर पुरत नाही. गट, म्हणजे जाळीची तार, तुटलाय तो मध्ये नाही, कडेला, म्हणजे फटका उशिरा बसतोय. आणि ग्रिप उलगडली तर बामाचा वास. डावा खांदा गेलाय पोरीचा, आणि कुठल्याही पेपरात त्याची ओळ नाही.

पुढे दादा कुणा गिऱ्हाइकाला तीच जुनी कथा सांगत होता. बाबांनी आमची परीक्षा घेतली, एका दिवसात जो जास्त रॅकेटी विणेल त्याचं दुकान, हरेल त्याने यंत्रावर बसायचं. "मी दहा, ही नऊ. एका रॅकेटीने वाचलो बघा!" गिऱ्हाईक हसलं. मीही मागून हसले. असो.

रविवार, ९ फेब्रुवारी

बामाचं प्रकरण टाकलं. डावखुरी उशीत तोंड खुपसून बसलीय, मावशी खांदा चोळतेय, दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. वाचक वेडे झाले. 'तुम्ही त्या खोलीत होतात का?' असं तिघांनी विचारलं. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग पाहुणी आली. 'बामाचं कुणी सांगितलं?'

हिला एकदाच कायमची वाटेला लावावी म्हणून लिहिलं, 'आपलं माणूस आहे आत. अगदी घरातलं. त्याशिवाय असं लिहिता येतं का?' अर्थात शुद्ध थाप. पण चोराला कळायला हवं की ही विहीर खोल आहे. त्यानंतर ती गप्प झाली. बरी जिरली.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माझा फोन काल मी उताणा ठेवला होता, आज पालथा सापडला. वहिनी डबा घेऊन आली होती तेवढ्यात. तिला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या फोनमध्ये काय सोनं पुरलंय, वन्सं?" ज्याने पाहिलं नाही तो असं बोलेल का? आता फोन पदराआड.

मावशी येऊन गेली. नेहमीसारखी नव्हती. रॅकेट देताना म्हणाली, "ताई, तुमच्या इथे अजून कोण कोण असतं?"

"मी आणि दादा. का हो?"

"काही नाही. घरी विचारत होते."

कोण विचारत होतं, कशासाठी? मला हे लक्षण ठीक दिसत नाही. बहुतेक दुसरं दुकान बघतायत.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

काल आणि आज मिळून एक प्रकरण झालं, आतापर्यंतचं सगळ्यांत चांगलं. नऊ वर्षांपूर्वीची तिची ज्युनियर फायनल. शोधाला एवढंच हाती लागलं की समोर तिची वसतिगृहातली सोबतीण होती, तिसऱ्या गेमला १९-१९ होते आणि डावखुरी हरली. पुढचं सगळं मनचं. सोबतिणीच्या बापाने सांगितलंय की हरलीस तर खेळ बंद, घरी ये. डावखुरीला हे माहीत आहे. १९-१९ वर ती सर्व्हिस जाळीत मारते. पुढचं फूल रेषेवर पडताना नुसती बघत उभी राहते. बक्षीस घेताना हसते. रात्री फक्त मावशीला सांगते, आणि मावशी म्हणते, 'आता हे आपल्या दोघींतच.'

चिठ्ठी नाही, ग्रिप नाही, पुरावा म्हणून काडीसुद्धा हाताशी नाही. कुठून सुचलं कोण जाणे. हसण्याचं वाक्य लिहिताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं. वय झालं, दुसरं काय. दादाने पडद्यातून डोकावून विचारलं, "काय गं, काय झालं?" म्हटलं, गटाची धूळ गेली डोळ्यात.

रविवार, १६ फेब्रुवारी

पाहुणी परत उगवली. 'हे तुम्हाला कोणी सांगितलं?' दहा मिनिटांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा तेच, आणि खाली, 'कृपा करून सांगा.' जळफळाट बघा किती! मी लिहिलं, 'एकदा सांगितलं ना, घरातलंच माणूस आहे.' संध्याकाळपर्यंत तिने आपले सगळे प्रश्न पुसून टाकले. आता हरली म्हणायला हरकत नाही.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

मावशी आली नाही. हेल्मेट घातलेला एक पोचवणारा आला, पिशवी गल्ल्यावर टाकून गेला. चिठ्ठीचं अक्षर वेगळं, आकडा सत्तावीस. हे काय गौडबंगाल आहे? आधी वाटलं पिशवी चोरीची आहे. पण रॅकेटी तिच्याच, मी माझ्या गाठी ओळखते. ग्रिपला बामाचा वास नाही. मावशी गावाला गेली असेल. सत्तावीसवर ताणून दिल्या.

शनिवार, २२ फेब्रुवारी

आज दुपारी बंद शटरवर कुणीतरी थाप मारली. दादाने माझ्यावर पाळत ठेवायला कुणाला धाडलंय असं वाटून मी वही दडवली. उघडलं तर मावशी. हातात कपड्यांची पिशवी, पायात घरातल्या चपला. आत या म्हटलं तर उंबऱ्यावरच उभी राहिली.

"एक काम होतं, ताई. पिशवी येते ना अजून? चिठ्ठीवर सत्तावीस लिहून येईल. तुम्ही चोवीसच करत जा. तिला सांगू नका."

"तुम्हीच सांगा की तिला."

"मी नाही तिथे आता. बहिणीकडे राहते. बहीण म्हणजे काय, भाचेसुनेचं घर. स्वयंपाकघरात झोपते."

मग हळूहळू निघालं. पोरीच्या खाजगी गोष्टी कुणीतरी इंटरनेटवर लिहितं. आधी दुखणं लिहिलं, तेव्हा तिने घरात सगळ्यांना विचारून पाहिलं. मग असं काही लिहिलं की जे साऱ्या जगात दोघींनाच ठाऊक होतं. "तिने मला समोर बसवलं आणि विचारलं, मावशी, किती दिलं त्यांनी तुला? मी म्हटलं, बाळा, मला वाचता तरी येतं का त्या फोनवर? ती म्हणाली, सांगता तर येतं. पंधरा वर्षं झाली हो. दोन दिवसांत सामान आवरलं."

मी पाणी दिलं. तिने भांडं धुऊन परत केलं. जाताना पुन्हा म्हणाली, "चोवीस. हट्टी आहे, खांदा मोडून घेईल."

माझ्या मनात पहिलं काय आलं ते प्रामाणिकपणे लिहिते. मनात आलं, बोलली असेल ही कुठेतरी, विस्तव असल्याशिवाय धूर निघत नाही. शेजारणीजवळ बोलली असेल, बसमध्ये बोलली असेल.

रविवार, २३ फेब्रुवारी

मावशी बोललीच नाही. बोलले मी. 'आपलं माणूस आहे आत, अगदी घरातलं.' हे मी लिहिलं, एकदा नाही, दोनदा. महिनाभर मी सगळ्या जगावर संशय घेत बसले, वहिनीवर, दादावर, त्या मावशीवर, आणि चोर इथे माझ्याच खुर्चीत. पाहुणी लेखिका नव्हती, ती डावखुरीच होती.

सोमवार, २४ फेब्रुवारी

पाहुणीला खाजगी निरोप पाठवला. मी कोण आहे ते सांगितलं, दुकान सांगितलं. ताण, तुटलेला गट, बामाचा वास, एकेक करून लिहिलं. 'आतलं माणूस ही थाप होती. मावशींनी कधीही एक शब्द सांगितलेला नाही. मी "खांदा काय म्हणतो" विचारलं तर त्या "कुणाचा" म्हणाल्या.'

तासाभरात उत्तर आलं. 'खांद्याचं पटलं. तुम्ही असं करायला नको होतं. पण फायनलचं रॅकेटीवर लिहिलेलं नसतं. ते एकाच माणसाला माहीत होतं.'

म्हणजे ते खरं होतं! मी लिहिलं, 'ते मी मनाने रचलं.' उत्तर आलं, 'बाकी सगळं खरं आणि तेवढंच रचलेलं?'

चार वर्षं आकड्यान् आकडा खरा लिहून मीच वाचकांना सवय लावली की गाठ कधी चुकत नाही. आता माझ्या खोट्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

डावखुरी स्वतः आली. साडेपाचला, दुकान उघडं असताना. दादा उभाच राहिला. इतकी वर्षं तिच्या रॅकेटी येतात, पण ती कधी आली नव्हती. टीव्हीवर दिसते त्याहून बारीक आहे. डावा हात जॅकेटच्या खिशात.

"गाठ कोण?" तिने विचारलं.

"मी."

दादा म्हणाला, "कसली गाठ? अगं, काय चाललंय?"

ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "मी एकदाच विचारणार आहे. कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. सुचलं."

"असं कसं सुचतं? मुद्दाम हरणं. नंतर हसणं. हसल्याचंसुद्धा सुचलं?"

मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा सरळ करत राहिले. ती वळली. दाराला हात लावला तिने. ती गेली असती तर मावशी त्या भाचेसुनेच्या स्वयंपाकघरातच राहिली असती, आणि मला तर नेमकं त्याच क्षणी कळलं होतं की हे सुचलं कुठून. दादा तिथे उभा होता. तो नसता तर किती बरं झालं असतं असं वाटलं, आणि तरी बोलले.

"मी हरलेय मुद्दाम. म्हणून सुचलं."

ती थांबली.

"या दुकानासाठी आमच्या बाबांनी पैज लावली होती. याचं लग्न ठरत होतं. मुलीच्या वडिलांना दुकान हातात असलेला मुलगा हवा होता. हा आठवडाभर नीट जेवला नव्हता. चार वाजता माझ्या अकरा झाल्या होत्या, याच्या आठ, आणि उजेड जाईपर्यंत दहाच्या वर जाणार नाही हे मला दिसत होतं. हा तोंड धुवायला गेला तेव्हा मी कात्री घेतली आणि माझ्या दोन विणलेल्या रॅकेटी कापल्या. तुटलेला गट ओच्यात घालून बाहेर टाकून आले, आणि पुढची एकही पुरी होऊ दिली नाही. संध्याकाळी बाबांनी मोजलं, याच्या दहा, माझ्या नऊ. मी टाळ्या वाजवल्या. आणि हसले. त्या हसण्याचं मी तुमच्या नावावर लिहिलं. मला तुमचं काही माहीत नव्हतं, आईशपथ."

इतकं सगळं मी एका दमात बोलले, आणि ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती दादाकडे बघत होती. मीही पाहिलं. बत्तीस वर्षं जो माणूस गिऱ्हाइकांना ती कथा हसत हसत सांगत आला, त्याचा चेहरा असा उतरला होता की मला बघवेना. एका हाताने त्याने गल्ला धरला होता.

पोरीने बराच वेळ त्याला न्याहाळलं. मग म्हणाली, "खरं आहे." आणि खुर्ची होती तिच्यावर बसली. खिशातला हात बाहेर काढायला तिला उजव्या हाताचा आधार घ्यावा लागला. "मी तिला विचारलं, किती दिलं," ती म्हणाली. "मावशीला. किती दिलं म्हणून विचारलं मी."

मी भाचेसुनेच्या घराचा पत्ता लिहून दिला. मावशीने जाताना दिला होता, पिशवीचं काही लागलं तर म्हणून.

शनिवार, १ मार्च

सगळ्या गोष्टी साइटवरून काढल्या. चार वर्षांची सत्तर प्रकरणं, तीन मिनिटांत. लोक विचारतायत काय झालं. चर्चेच्या पानावर तो जुना प्रश्न अजून चालूच आहे. शोध किती घ्यावा यावर आता दोनशे उत्तरं झालीत, आणि माझं 'जेवढा मिळेल तेवढा' अजून सगळ्यांत वर होतं. ते पुसलं. त्या जागी काही लिहिलं नाही.

दादा आज जेवायला घरी गेला नाही. तीन वाजता पडदा सारून आत आला.

"तुझ्या वहिनीला ठाऊक आहे?"

"नाही."

त्याने यंत्रावर हात ठेवला. "मला वाटायचं, मी जिंकलो म्हणून तू मनात अढी धरून आहेस," म्हणाला. "म्हणून मी हसत हसत सांगायचो गं. तुला हलकं वाटावं म्हणून."

मला हे कधीच कळलं नव्हतं. मी समजत होते, मला खिजवायला सांगतो.

मंगळवार, ४ मार्च

मावशी परत गेली. आज पिशवी घेऊन तीच आली. बघून मला इतका आनंद झाला की मी उठून पुढेच गेले. तिने चिठ्ठी गल्ल्यावर ठेवली, दादाच्या हातात, माझ्या नाही. आकडा चोवीस.

एरवी रॅकेटी देऊन ती निघून जायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. आज गेली नाही. पडद्याच्या आत आली आणि यंत्राच्या शेजारी उभी राहिली. मी पहिली ग्रिप उलगडली तशी तिने हात पुढे केला. मी ती तिच्या हातात दिली. तिने घडी घालून आपल्या पिशवीत ठेवली. तुटलेला गट कापून काढला, त्याचे तुकडेही तिने वेचून घेतले, खाली पडले होते ते वाकून. मी चिठ्ठी खिळ्याला अडकवायला गेले, तर तीही काढून घेतली. माझं काम झालं की आता इथे काही राहत नाही.

चार रॅकेटी होत्या, अडीच तास लागले. मध्ये एकदा मी स्टूल सरकवलं. म्हटलं, "बसा ना, मावशी. पाय दुखतील."

"नको, ताई," ती म्हणाली. "उभं राहिलं की नीट दिसतं."